आधी तू एक घास खा

“आधी तू एक घास खा. मंग म्या जेवतो.”

गंगाधर डबा बायकोपुढे सरकवत होता. सुमनबाई पदर सावरत म्हणाली, “असं कसं? नवऱ्याच्या आधी बाईमाणसानं जेवावं का?”

“बघा सिस्टर, बघा! खाती का? इख कालवलंय तिनं!”

मी नांदेडच्या एका हॉस्पिटलात मानसोपचार वॉर्डाची सिस्टर. मूळची लातूरकडची. आमच्याकडे अजूनही कित्येक घरांत पुरुषांचं झाल्याशिवाय बायका जेवायला बसत नाहीत. त्यामुळे सुमनबाईचं मला काही वावगं वाटलं नाही. उलट त्यालाच झापलं, “दादा, तुमच्यासाठी ती फरशीवर झोपून राहिली. काहीतरीच काय बोलता?” त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

गंगाधरचं मुखेडच्या बाजारात शिलाईचं दुकान. मोबाईलचा टॉवर आपल्या मनातलं ऐकतो, असं तो सांगायचा. बायको जेवणात काहीतरी घालते, हे दुसरं. कितीही पटवा, जो खोटा समज हलत नाही, त्याला आम्ही डिल्यूजन म्हणतो. ही दोन्ही डिल्यूजनच, असं सगळे धरून चाललो होतो. पोटात जायचं ते केळी, बंद पुड्यातली बिस्किटं आणि कँटीनचा चहा. माणूस नुसता वाळत चालला होता.

राउंडला आमचे डॉक्टर, इनामदार सर म्हणाले, “डोस डबल करा. संध्याकाळपर्यंत जेवला नाही तर ट्यूब टाकू.”

ट्यूब म्हणजे नाकातून पोटात नळी. राजी नसलेल्या माणसाला ती घालायची तर चौघांनी दाबून धरावं लागतं. एकदा असं धरलं की तो आपल्यावर पुन्हा भरवसा ठेवत नाही. मला ते नको होतं. शिवाय त्याचे हात थरथरायचे, चाल आखडली होती. या औषधांनी तसं होतं, पण एवढ्या छोट्या डोसवर इतकं? डोस देण्याआधी शंका आली तर तो थांबवून डॉक्टरांना विचारणं, हे सिस्टरचं कामच आहे. मी डोस थांबवला.

दुपारी खिचडीचं पातेलं आलं. त्याचं जेवण रोज सुमनबाईच इथून डब्यात नेऊन द्यायची. त्या दिवशी मी तिला बसवलं आणि त्याला पातेल्यापाशी नेलं. “तुमच्या हातानं घ्या.” त्यानं घेतली, खाल्ली, परत घेतली.

अगं बाई! म्हणजे हा जेवणाला घाबरत नाही, फक्त बायकोच्या हाताला घाबरतो. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण विचारायला काय जातं?

सुमनबाईला सकाळच्या डब्यासकट औषधाच्या खोलीत नेलं. “बाई, खरं सांगा. डब्यात काय घालता?”

“काय न्हाई ओ.”

“मग मी खाऊ?” मी झाकण काढलं.

तिनं माझा हातच धरला. “नका सिस्टर! औषध हाय त्यात.”

त्याच्याच आजाराच्या औषधाचे ड्रॉप्स होते. रंग नाही, वास नाही. घरी तो गोळ्या थुंकायचा, म्हणून ती वरणात थेंब कालवायची, तेही अंदाजानं. इथं आल्यावर डब्यात आणि चहातही. कँटीनचा म्हणून चहा तेवढा तो प्यायचा. म्हणजे इथं आमच्या धाकानं गिळायचा ती गोळी वेगळी आणि तिचे थेंब वेगळे.

“रातभर हिंडायचे ओ,” ती रडायला लागली. “पोरीला वळखंना झाले. म्या काय करू?” मला तिचा संताप आला होता, तरी आधी तिला पाणी दिलं.

सरांना फोन लावला. “सर, वाढवलेला डोस मी दिला नाही. तो आधीच डबल घेऊन राहिला.” सगळं सांगितलं.

सर म्हणाले, “त्याला कळू देऊ नका. संसार मोडेल तिचा.”

“सर, तो खरं बोलतोय आणि आपण त्याला आजारी म्हणतोय. उद्या आपल्या हातची गोळी तरी त्यानं का घ्यावी?”

सर म्हणाले, “बरं, येतो. मी आल्याशिवाय बोलू नका.”

सर आले. सुमनबाईनंच सांगितलं, खाली बघून. गंगाधर ताडकन उठला. मी मध्ये उभी राहिले. पण तो पुन्हा कॉटवर बसला.

“कवापासून?”

“दसऱ्यापासून.”

“म्हंजे म्या खरं बोलून राहिलो व्हतो.”

“हाव दादा,” मी म्हटलं. “जेवणाचं खरं होतं. टॉवरचं मात्र नाही.”

“टॉवरचं मागून बघू.”

सर म्हणाले, “आमचं चुकलं. आता लपवून काही नाही. औषध कमी करतो, हात थांबतील.”

त्यानं हात पुढे धरून बघितले. “सुई ओवता यील?”

“येईल.”

मग मी दिलेली गोळी त्यानं उलटीपालटी करून पाहिली आणि स्वतः गिळली.

तेव्हापासून भरतीच्या वेळी नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न ठरलेला: जेवणात काही कालवता का? आधी ‘नाही’ येतं. मी पुन्हा विचारते. मग खरं येतं.

पुढे दोघं ओपीडीत आले. त्याचं दुकान चालू झालं होतं. सुमनबाईला बाजूला घेऊन विचारलं, “आता जेवतात का तुमच्या हातचं?”

“न्हाई. सोताच सैपाक करून राहिलेत. लई तिखट करतात.”

“आणि तुम्ही?”

“खाते की. काय टाकलंय, म्या इचारत बी न्हाई.”