दोन टाक्यांची मोटार आणि कोरडी मेथी

माझं आणि माझ्या सासूचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी भाकर थापली की ती जाड, आणि पातळ थापली की "कागद खाऊ घालून राह्यली काय वं?" वांग्यांना मी पाणी दिलं तर ते जास्त, आणि नाही दिलं तर माझ्या माहेरी विहीरच नसणार. मीही काही गरीब गाय नव्हते, एकाला दोन उत्तरं देत होते. पण त्या उन्हाळ्यात या बाईच्या जिवासाठी मी ज्या तिडिकेनं भांडले, तशी पुढे कोणासाठी भांडले नाही. आणि जिंकले, म्हणून हे लिहिते आहे.

शेलूबाजारजवळ आमचा मळा होता. मेथी, पालक, चुका आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. वाशीमच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पहाटे भाजी काढायचो, जुड्या बांधून टोपल्यांत रचायचो आणि मंगरूळपीरहून येणारी सर्व्हिस मोटार धरायचो. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायाही असायच्या. आम्ही सगळ्या मागच्या बाकावर बसायचो, कारण टोपली मागेच ठेवू देत आणि भाजीवाली आपल्या टोपल्यावरची नजर काढत नाही. सासू तर एक हात टोपल्यावर ठेवूनच बसायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल परवान्यावर मिळायचं, तेही नावापुरतं. म्हणून मालकानं मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती. ती एक उभी लोखंडी टाकीच होती, वरून कोळसा टाकायचा आणि खाली विस्तव. क्लीनर पंख्याचा दांडा फिरवून ती फुलवायचा, आणि त्या कोळशाच्या धुरावर इंजिन चालायचं. पण नुसत्या धुरावर मोटार सुरू होत नसे आणि चढ तर मुळीच चढत नसे. त्यासाठी पेट्रोलची दुसरी टाकी होती. ड्रायव्हर तोटी फिरवून कधी या टाकीवर, कधी त्या टाकीवर गाडी घ्यायचा. भट्टीला जागा हवी म्हणून मालकानं पेट्रोलची टाकी खालून काढून मोटारीच्या आत, मागच्या बाकाखाली बसवली होती. म्हणजे पाठीमागे विस्तव, बुडाखाली पेट्रोल आणि मधे आमच्या सासूबाई.

याचा विचार तेव्हा कोणी केला नाही. मोटार मिळते आहे हेच मोठं होतं. बैलगाडीनं जायचं तर बाजार मोडायच्या वेळेला पोचायचं, आणि तोवर मेथीची रया जायची.

भाजीवाल्यांची एक रीत इथं सांगायला हवी. टोपल्यात खाली ओलं पोतं, वर ओलं पोतं, आणि वाटेत गडव्यातलं पाणी हातात घेऊन भाजीवर हबके मारत जायचं. कोरडी भाजी बाजारात नेणं म्हणजे मळेवाल्यांत नाक कापून घेणं. त्यामुळे आमच्या टोपल्यांतून सारखं पाणी गळायचं, बाकाखालच्या फळ्या कायम ओल्या असायच्या आणि क्लीनर आमच्या नावानं बोटं मोडायचा. वास यायचा तो मोटारीचा, ओल यायची ती आमची, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आम्हीसुद्धा.

एका बाजाराला वाशीमच्या अलीकडे चढावर मोटार अडली. आम्ही खाली उतरलो. क्लीनरनं भट्टीचं दार उघडून सळईनं ढोसलं, तसा एक निखारा रस्त्यावर पडला. मोटारीच्या मागे ओल्या थेंबांची रेघ उमटली होती, निखारा तिच्यावर गेला. ती रेघ पेटली. निळसर जाळ मोटारीकडे सरसर निघाला, आणि क्लीनरनं धुरळा लोटून पायानं तो विझवला. घाबरून त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पण ड्रायव्हरनं पुढून हाक मारली तसा तो काहीच झालं नाही असं तोंड करून दांडा फिरवायला लागला.

सासू माझ्याकडे वळली. "पानी कधी पेटते काय वं?"

मी मोटारीत वाकून बाकाखाली हात घातला आणि बोटं नाकाशी नेली. टाकीचा सांधा सुटला होता. चढावर पेट्रोल मागे सरकलं की तिथून ठिबकत होतं, आणि आमच्या भाजीच्या पाण्यात मिसळून निवांत वाहत होतं. रोज जिच्याशी भांडते ती बाई या बाकावर जळून गेली तर घरात मी भांडायचं कोणाशी, असं काहीतरी वेडंवाकडं मनात आलं, आणि डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून मी टोपली सारखी करत बसले.

वाशीमला उतरल्या उतरल्या मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, मालकाला सांगा. मालक स्टँडवरच खुर्ची टाकून बसलेला असायचा, पान खाल्लेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, ते तुमच्या भाजीचं पानी हाय."

"पान्याले पेट्रोलचा वास कायले येते मंग?"

"मोटारीले मोटारीचा वास येईन, नाई तर काय मोगऱ्याचा येईन?"

स्टँडवरची माणसं हसली. मीही सोडणारी नव्हते. रस्त्यावर जाळ झाला तो सांगितला. क्लीनरला बोलावलं, तर तो म्हणाला, मी काही पाहिलं नाही. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, पण मला तेव्हा त्याचा असा राग आला की बस. मग मालक उठून उभा राहिला आणि हसू गिळून म्हणाला, "ज्या बायायले भेव वाटते त्याईनं बैलगाडीनं जावं. टोपले घेणारी दुसरी मोटार असन तर पाहा." दुसरी मोटार नव्हतीच, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी चौकीवर गेले. जमादार भला माणूस होता. तो माझ्याबरोबर मोटारीपर्यंत आला, बाकाखाली पाहिलं, आणि आमच्या ठिबकणाऱ्या टोपल्यांकडेही पाहिलं. "बाई, तू म्हणतेस ते खरं असेल. पण इथं तर सगळीकडे पाणीच पाणी. मालक म्हणणार भाजीचं, आणि मी काय म्हणू? पुढच्या बाजाराला मोटारी तपासणारे साहेब कचेरीच्या मैदानात येणार आहेत. त्यांना दाखव. पण दाखवण्यासारखं काही आण."

घरी येताना आम्ही त्याच मोटारीत, त्याच बाकावर बसलो. दुसरा इलाजच नव्हता. भट्टी मागे धगधगत होती. मी सासूला म्हटलं, पुढे जाऊन बसा. ती म्हणाली, "टोपले कोन पाहीन?" मी दात ओठ खात बसले आणि त्या बसण्यातच मला वाट सापडली. आमचं पाणीच त्याच्या पेट्रोलवर पांघरूण घालत होतं. ते पांघरूण काढायला हवं होतं.

मी सासूकडे वळले. "आत्याबाई, पुढच्या बाजाराले भाजीवर पानी मारायचं नाही. कोनीच नाही. एक थेंब नाही."

सासूनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला उघडं फिरायला सांगितलं होतं. तिची मेथी वाशीमच्या बाजारात नावाजलेली होती. गिऱ्हाईक दुसऱ्या टोपल्यांना ओलांडून तिच्याकडे यायचं. "माही मेथी वाळून नेऊ? लोक म्हनतीन, बुढीचे हात गेले."

"हात गेले म्हनतीन. नाई तर बुढीच गेली म्हनतीन. तुमीच पाहा."

दोन-तीन दिवस तिनं माझ्या भाकरीलाही नाव ठेवलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मग एका दुपारी ती मळ्यामळ्यांतून फिरून आली आणि म्हणाली, "सांगून आली सगळ्यायले. एकीनंही पानी मारलं तर मी तिचं टोपलं विहिरीत टाकीन." सुनेचा बेत पटला असं काही ती म्हणाली नाही, पण मला तेवढं पुरे होतं.

बाजाराच्या दिवशी ऊन सकाळपासूनच चटका देत होतं. शेलूच्या स्टँडवर आम्ही सगळ्या कोरड्या टोपल्या घेऊन उभ्या होतो. पोती कोरडी, जुड्या कोरड्या. एकमेकींकडे पाहवत नव्हतं, सुतकात बसल्यासारख्या दिसत होतो. तेवढ्यात मोटारीचा आवाज आला, आणि आवाज ऐकताच सासूचा हात, जन्माच्या सवयीनं, प्यायला आणलेल्या पाण्याच्या गडव्यात गेला आणि मेथीवर एक सणसणीत हबका बसला. सासू आपल्याच हाताकडे पाहत राहिली. मी तोंड दाबून हसत होते, पण हसायला वेळ नव्हता. आम्ही तिचं टोपलं जमिनीवर उलटं केलं आणि प्रत्येकीनं एकेक जुडी घेऊन पदरानं पुसली. लहान पोराचं डोकं पुसावं तशी मेथी पुसली. गडवा मी स्टँडवरच्या कुत्र्यापुढे रिता केला.

चढ आला. ड्रायव्हरनं तोटी फिरवून मोटार पेट्रोलवर घेतली. आम्ही सगळ्या पाय वर घेऊन बाकाखाली पाहत होतो. फळी कोरडी होती, मग एक काळा ठिपका उमटला, मग दुसरा, आणि बघता बघता ओघळ लागला. वाशीम आलं तेव्हा आमची भाजी मान टाकून पडली होती आणि बाकाखाली मात्र छान ओल होती.

स्टँडवर क्लीनर म्हणाला, उतरा. सासू म्हणाली, "आमी उतरत नाई. मोटार मैदानात ने." मालक धावत आला. दम दिला, मग हात जोडले, मग माझ्या नवऱ्याला निरोप धाडतो म्हणाला. "धाडा," मी म्हटलं, "तोही इथंच येऊन बसन." मैदानात मोटार न्यायची तर त्यालाही होतीच, साहेब वाट पाहत होते. शेवटी बायांनी आणि टोपल्यांनी भरलेली मोटार तशीच कचेरीसमोर गेली.

साहेब पोक्त, कमी बोलणारे होते. त्यांनी विचारलं, या बाया अशा का बसल्या आहेत? मालक म्हणाला, "अडानी हायेत सायेब. भाजीचं पानी गळते, आन् म्हनतात टाकी गळते."

मी उभी राहिले. "सायेब, आधी आमची भाजी पाहा. मंग बाकाखाली पाहा."

साहेबांनी सासूच्या टोपल्यातली जुडी उचलली. ती त्यांच्या हातावर लोंबली. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली, पोतं चाचपलं. मग वाकून बाकाखाली बोट फिरवलं. उठले ते मालकाकडे पाहत उठले. "या भाजीत पाणी कुठं आहे?"

साहेबांनी आम्हाला लांब उभं केलं आणि भट्टीतला विस्तव काढून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टाकायला लावला. मग एका चिंधीनं फळी पुसली, ती चिंधी दूर मातीत ठेवली आणि काडी लावली. भसकन जाळ उठला. बघायला जमलेले वकील, कारकून, टांगेवाले सगळे मागे सरले. क्लीनर तेव्हा आपण होऊन पुढे आला आणि म्हणाला, "सायेब, मागच्या बाजाराले रस्त्यावरही पेटलं होतं. मी पाह्यलं." माझा त्याच्यावरचा राग तिथंच गेला.

पेट्रोलची टाकी आतून काढून पुढे, मोटारीच्या बाहेर बसवेपर्यंत मोटार रस्त्यावर आणायची नाही, आणि सवारी खाली उतरवल्याशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाही, असा हुकूम तिथल्या तिथं सुटला. आम्ही टोपली डोक्यावर घेतली आणि बाजारात गेलो. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बातमी आमच्या आधी पोचली होती. नेहमीचं गिऱ्हाईक आलं, मेथीकडे पाहिलं आणि मग सासूकडे पाहिलं. सासूनं जुडी उचलून ताठ मानेनं सांगितलं, "आज अशीच भेटन. माह्या सुनेनं पानी मारू देल्लं नाई, म्हनून मी जित्ती हाय." लोकांनी तीच सुकी मेथी नेली. तिनं मला सून म्हणून चारचौघांत मिरवल्याचं ते पहिल्यांदाच होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी गिऱ्हाइकाला एकेक जुडी जास्तच देत होते.

काही बाजार आम्ही बैलगाडीनं काढले. मग मोटार दुरुस्त होऊन आली. पेट्रोलची टाकी आता पुढे, बाहेर होती. मालक स्वतः शेलूला आला होता. तोंडावर हसू आणून म्हणाला, "बसा बाई, आता काही भेव नाई."

सासू जागची हलली नाही. "आधी तुमी बसा. मागच्या बाकावर."

स्टँडवर गर्दी होती. मालकानं इकडे तिकडे पाहिलं आणि बसला. त्याच्या बाजूला सासू, मग मी, मग बाकीच्या बाया. पाठीमागे भट्टी धगधगत होती, टोपल्यांतून पाणी गळत होतं. चढ आला, ड्रायव्हरनं तोटी फिरवली, आणि मालकाचा हात हळूच बाकाखाली गेला. त्यानं बोटं नाकाशी नेली. मग पुन्हा हात घातला, पुन्हा वास घेतला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. टाकी पुढे नेलेली आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं, तरीही.

"पानीच हाय ना?" सासूनं विचारलं.

"पानीच हाय."

"मंग निवांत बसा. आमी दर बाजाराले असंच बसत होतो, तुमच्या भरवशावर."

मालकानं हात धोतराला पुसला, आणि थोड्या वेळानं तो हात पुन्हा बाकाखाली गेला.