पाण्याच्या पाइपाचं क्लॅरिनेट

बाभुळगावच्या रस्त्याने जाणारा एक बँडवाला पाइप बघून माझ्या वावरात शिरला. त्याचं जाड आवाजाचं मोठं लाकडी क्लॅरिनेट उन्हानं तडकलं होतं आणि वरात दोन दिवसांवर आली होती. पाइपावर बसवायला जुन्या क्लॅरिनेटच्या बोटांनी दाबायच्या चाव्या त्याच्या थैलीत खुळखुळत होत्या. एकेका पाइपात फुंकून तो नाक मुरडत होता. शेवटी त्यानं नेमका वांग्यांच्या पाण्याचा पाइप धरला.

"आजी, हाच द्या. हा उन्हानं तडकत नाही."

"अरे, म्हैस हंबरल्यावानी वाजते तो!"

"तसाच तर पाह्यजे! वरातीत वाजंत्र्याचं लाकूड कोणी पाह्यत नाही. आवाज बंद पडला, का सारे पाह्यतात."

खरं बोलला. मी करवत आणून दिली. वांगी दोन दिवस तहान सोसतात, वरात थांबत नाही.