न आपटता शिकलेला बास्केटबॉल

मी नववीत होते त्या वर्षी शाळेत क्रीडा साहित्य आलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव गोंडपिपरीपासून आडवाटेला, मागे जंगल, पुढे तलाव. टेम्पोतून दोन लोखंडी खांब, दोन फळ्या आणि एक बास्केटबॉल उतरला. ज्यात चेंडू टाकायचा ती रिंग मात्र आलीच नाही. "मागून येईल," असं म्हणून टेम्पोवाला निघून गेला.

खांबांचा उपयोग मुख्याध्यापकांनी आठवडाभरात शोधला. सायकली ठेवायच्या जागेवर छप्पर उभं राहिलं. राहिला चेंडू. तो त्यांनी हातात घेतला, त्याच्या खरखरीत अंगावरून अंगठा फिरवला आणि चित्रकलेच्या सरांना म्हणाले, "खेळवा पोट्ट्याईले. पण आपटू नका. आपटल्यानं झिजते."

खेळाचा तास चित्रकलेच्या सरांकडेच होता, कारण तो घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. ते हळूच म्हणाले, "सर, हा खेळ आपटूनच खेळतेत जी."

"ज्यायच्यापाशी दोन चेंडू आहे, ते आपटतेत," मुख्याध्यापक म्हणाले. विषय संपला.

सरांनी चंद्रपूरहून एक जुनी पुस्तिका आणली. तिच्यात चेंडू हाताळायच्या करामतींची चित्रं होती. त्यातल्या ज्यांत चेंडू जमिनीला लागत नाही, तेवढ्या त्यांनी निवडल्या आणि फळ्यावर रंगीत खडूनं काढल्या. चेंडू डोक्याभोवती फिरवणं, कमरेभोवती फिरवणं, पाय फाकवून दोन्ही पायांमधून इंग्रजी आठच्या आकारात काढणं, बोटाच्या टोकावर गरगरवणं. चित्रं सुंदर होती. आकृतीतल्या मुलीला सरांनी दोन वेण्यासुद्धा काढल्या होत्या.

मुलं क्रिकेटला गेली. उरलो आम्ही पाच मुली. रोज प्रार्थनेआधी अर्धा तास सराव. चेंडू एकच, म्हणून एकीनं घरून कोहळं आणलं. तिसऱ्या दिवशी ते तिच्या हातून पडलं आणि फुटलं. चौथ्या दिवशी तिची आई शाळेत आली. "शिकवता का भाजी नासवता जी?" तिनं विचारलं. तेव्हापासून चार जणी रिकाम्या हातांनीच फिरवायच्या आणि पाचवी चेंडूनं.

पहिला महिना माझा चेंडू गुडघ्यावर आदळून पळत राहिला. सर सांगायचे, तळहाताला लागू देऊ नका, बोटांच्या पेरांवर ठेवा, गुडघे वाकवा. स्वतः मात्र खडू सोडून कशाला हात लावत नसत. मी हट्टाला पेटले. शनिवारी चेंडू घरी न्यायची परवानगी मिळवली आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सराव सुरू केला. चेंडू पहिल्याच दिवशी पाण्यात गेला. माझे बाबा तिथंच छातीभर पाण्यात जाळं ओढत होते. त्यांनी चेंडू काढून वर धरला.

"हा काऊन पाण्यात आला?"

"हातातून सुटला."

"तू हाताकडे पाहून राह्यली होती का?"

"हाव."

"मी जाळं फेकतो तवा हाताकडे पाहातो का? हाताले त्याचं काम माहीत असते. तू समोर पाहाय."

मग मी समोरच्या काठावरच्या मोहाच्या झाडाकडे बघत चेंडू फिरवू लागले. पुढचे काही शनिवार-रविवार तो आणखीच जास्त पडला. मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की आपण झाडावरचे बगळे मोजतोय आणि चेंडू पायांमधून आठचा आकार काढत आपापला फिरतोय. मी ओरडले. धुणं धूत असलेली आई म्हणाली, "काय झालं? साप निघाला का?"

हिवाळ्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. मुख्याध्यापकांनी आम्हा पाच जणींना ओळीत उभं केलं. आमचे हात इतके एकसारखे फिरले की साहेबांनी चहा खाली ठेवला. "वा! सामने कुठी खेळता?" त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी बिस्किटांची बशी पुढे केली. साहेबांनी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी आमच्या शाळेचं नाव तिथल्या तिथं लिहून घेतलं. रिंग कुठं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

चंद्रपूरच्या मैदानावर मी आयुष्यात पहिल्यांदा रिंग पाहिली. तिच्याखाली जाळी लोंबत होती आणि जाळीला बूड नव्हतं. मासे धरणाऱ्याची मुलगी मी. मला वाटलं, फाटली आहे.

समोरच्या मुलींच्या पायात बूट होते. आम्ही अनवाणी. शिट्टी वाजली आणि चेंडू माझ्याकडे आला. आपटायचा नाही हे अंगात इतकं मुरलं होतं, की मी तो कमरेभोवती फिरवत थेट पळत सुटले. पंचांनी शिट्टी मारली. हातात धरून पळायचं नसतं म्हणे. पुढच्या खेपेला मी जागेवर उभी राहून पायांमधून आठ काढले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या मुली थबकून बघत राहिल्या, मग त्यातल्या एकीनं चेंडू शांतपणे काढून घेतला, आपटत नेला आणि रिंगमध्ये टाकला.

"फेक! वर फेक!" सर कडेवरून ओरडत होते. वर फेकायचं चित्र त्यांनी कधी काढलंच नव्हतं. एकदा समोरच्या एकीनं मला ढकललं, म्हणून पंचांनी मला रिंगसमोरच्या रेघेवर उभं करून चेंडू दिला. मी विचारलं, "कोणाले देऊ जी?" सगळं मैदान हसलं. मी डोळे मिटून फेकला. चेंडू रिंगच्या काठाला लागून बाहेर पडला. आम्ही पाचही जणी आनंदानं उड्या मारू लागलो, कारण तो निदान रिंगला लागला होता.

आम्ही एकही गुण न घेता हरलो. सामना संपल्यावर समोरच्या संघाची कर्णधार माझ्याकडे आली. "ते पायातलं कसं करतेस? दाखव ना." मी तिला दाखवलं. तिच्या गुडघ्यावर आदळून चेंडू पळाला. "हाताकडे पाहू नको," मी म्हणाले. मग आणखी दोघी आल्या. हरल्याचं मी विसरूनच गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, की आपल्या शाळेच्या मुलींनी विजेत्या संघाला प्रशिक्षण दिलं. टाळ्या झाल्या. गुणांचा विषय निघालाच नाही.

पुढे बारावीला राजुऱ्याला मावशीकडे राहिले. तिथल्या कॉलेजच्या संघात मला माझ्या हातांची करामत बघून घेतलं आणि नेम लागत नाही म्हणून बाहेर बसवलं. आपटायला मी तिथं शिकले, आणि रोज संध्याकाळी एकटी शंभर वेळा रिंगकडे चेंडू फेकायची. कधी चार आत पडायचे, कधी अकरा. एका साध्या सरावाच्या सामन्यात मला शेवटची पाच मिनिटं आत पाठवलं. चेंडू आला, मी आपटत पुढे गेले, थांबले आणि फेकला. तो आत पडला. बघायला गावचं कोणी नव्हतं. मी वळून कोणाचा तरी चेहरा शोधेपर्यंत खेळ पलीकडच्या टोकाला पोचला होता, आणि मलाही मागे धावावं लागलं.