रेतीवरचा मांडव

ब्रह्मपुरीच्या केबलवर आम्ही नदीकाठच्या पाखरांची मालिका करायचो. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा, एडिटिंगही त्याचंच. वैनगंगेच्या रेतीत अंडी घातलेली सुरय पक्ष्यांची जोडी मी भर उन्हात बसून टिपली आणि कॅसेट त्याच्या हवाली केली. संध्याकाळी केबलवर पाहतो तर काय, हाताच्या सवयीनं त्यानं जोडीभोवती गुलाबांची चौकट टाकलेली आणि मागे सनई! नर मादीला मासा भरवतो तिथं तर वरून अक्षता पडत होत्या. मी असा उखडलो त्याच्यावर! तो शांतपणे म्हणाला, "मले लग्नाचंच तर येते, भाऊ."

दुसऱ्या दिवशी धुसफुसतच नदीवर गेलो. रेतीत टरबुजाची वाडी करणारी बाई रोज त्या अंड्यांजवळूनच पाण्याला जायची. माझा जीव खालीवर व्हायचा. आज तिच्या पावलांची ओळ लांबून वळसा घालून गेली होती. डोक्यावर हंडा घेऊन ती येताना दिसली.

"बाई, आज इतक्या लांबून काऊन?"

"काल टीव्हीवर त्याईचं लगन नाई पाह्यलं का?" ती म्हणाली. "मांडवातून कोनी पानी वाहते का?"