निहारसाठी दरवर्षी एक

शुभदा गेल्याची बातमी मला कॅलिफोर्नियाहून कळली. इकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, पार्सिपनीतल्या आमच्या इमारतीत तिचं दार माझ्या दारासमोर, मध्ये फक्त कार्पेट घातलेला अरुंद कॉरिडॉर. शेवटचे काही आठवडे मी तिच्याकडेच असायचे. त्या सकाळी फक्त अंघोळीला आणि ऑफिसचा एक कॉल घ्यायला घरी आले, आणि तेवढ्यात... तिच्याजवळ बसलेल्या नर्सनं नियमाप्रमाणे आधी नातेवाइकाला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या तिच्या धाकट्या भावाला, मिलिंदला फोन केला. मग मिलिंदनं मला केला. "वंदनाताई, शुभाताई गेली हो," तो म्हणाला. मी कॉरिडॉर ओलांडून गेले तर दार उघडंच होतं आणि नर्स हलक्या हातानं पांघरूण सारखं करत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला कळवून दुखवट्याची रजा मागितली. गेलेली व्यक्ती तुमची कोण, असं त्यांनी विचारलं. मैत्रिणीसाठी अशी रजा मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी आपली साधी सुट्टी टाकली.

शुभदा मूळची सांगलीची. इथे एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तिची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणून विषय संपवायची. मी नागपूरची. नवरा गेल्यावर मोठं घर विकून या इमारतीत राहायला आले, तेव्हा मायक्रोवेव्ह कुठे ठेवू म्हणून उभी असताना ती आपणहून आत आली आणि "इथे नको, प्लग पुरणार नाही," म्हणाली. आमची ओळख झाली ती अशी, आणि मग टिकली शेवटपर्यंत. मला भावंडं नाहीत, मूलबाळ नाही. भाचा, पुतण्या हे शब्द माझ्या घरात कधी लागलेच नव्हते. ते आले शुभदामुळे. मिलिंदला मुलगा झाला, निहार, आणि त्याच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं सगळ्या आत्या पाठवतात तसा चांदीचा वाटी-चमचा पाठवला. तिची भावजय रश्मी फोनवर सहज हसत बोलून गेली, "ताई, हा चौथा आला!" शुभदाही हसली. पण फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून दुसरं कुणीही देणार नाही असंच द्यायचं. तो मोठा झाला, माझं तोंडही विसरला, तरी वस्तू त्याच्यापाशी राहील असं."

त्याला ती 'ठेवा' म्हणायची. निहारचा वाढदिवस नोव्हेंबरमधला, त्यामुळे ऑक्टोबर लागला की आमची शोधाशोध सुरू. पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर नदीकाठी एक लहानसं गाव आहे, जुन्या वस्तूंच्या दुकानांचं. शनिवारी सकाळी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ घेऊन आम्ही निघायचो. हायवेवर ड्राइव्ह करायला तिला भीती वाटे, म्हणून गाडी माझी. तिच्या अटी पक्क्या होत्या. बॅटरी नको, प्लॅस्टिक नको, आणि वयाला साजेसं तर मुळीच नको. "वयाला साजेसं दिलं की वर्षभरात लहान होतं गं ते," म्हणायची. दोन वर्षांच्या पोराला तिनं शिसवी लाकडाचा लहान पाट पाठवला, पाचव्या वर्षी पितळी कडीचं भिंग. सहाव्या वर्षी पाठवलं ते पेन्सिलीला टोक करायचं लोखंडी यंत्र, पूर्वी इथल्या शाळांच्या भिंतीवर असायचं तसलं, दांडा फिरवायचं. घरी आणून तिनं ते तेलपाणी करून चालतं केलं आणि खात्री पटेना म्हणून पेन्सिलींचं अख्खं खोकं त्यात संपवलं. तिच्या ओट्यावर लाकडाच्या सालांचा ढीग पडला होता आणि ती त्यात हात घालून "वास घे, वास घे," म्हणत होती. त्या वर्षी निहार व्हिडिओ कॉलवर दांडा फिरवत ओरडला, "आत्या, इट्स अ रिअल मशीन!" तो कॉल ती कितीतरी दिवस मला सांगत राहिली, जसं काही मी शेजारी नव्हतेच.

मग तो वाढत गेला, आणि कॉल आखूड होत गेले. "थँक यू आत्या," एवढं म्हणताना त्याची नजर दुसऱ्याच स्क्रीनवर असे. एका वर्षी रश्मीनं चांगल्या शब्दांत सुचवलं, "ताई, यंदा गिफ्ट कार्ड दिलंत तरी चालेल हं. खरंच ठेवायला जागा नाही." तिचंही खोटं नव्हतं, तिकडची दोन खोल्यांची घरं मी पाहिली आहेत. शुभदा "बरं बरं" म्हणाली, माझ्याकडे आली आणि चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "खिशात मावेल असं बघू या." त्या वर्षी तिनं जुनी पितळी शिट्टी पाठवली. कानात घुसेल अशी तीक्ष्ण वाजायची ती. त्यानंतर रश्मीनं जागेचा विषय काढला नाही.

गेल्या वर्षी ट्रीटमेंट चालू होती. ऑक्टोबर आला, पण तिला जिना उतरवत नव्हता. "तू जा," म्हणाली, "मी फोनवर बघते." मी त्या दुकानात एकटी फोन समोर धरून फिरत होते आणि उशीला टेकलेली शुभदा तिकडून हुकूम सोडत होती. "थांब. मागे जा. डावीकडचं उचल. उजेडात धर ना बाई!" दुकानाच्या मालकीणबाई, एक पांढऱ्या केसांच्या आजी, मजेत बघत होत्या. शेवटी तिनं सुताराची घडीची लाकडी पट्टी निवडली, उलगडली की सहा फूट होणारी. मी म्हटलं, "आणि तो सहा फुटांच्या वर गेला तर?" स्क्रीनवर ती जरा थांबली. "जाऊ दे की," म्हणाली. एवढंच. पण त्या थांबण्यात तिनं काहीतरी मोजलेलं होतं, हे आम्हा दोघींनाही कळलं... मग मी बिलाकडे वळले.

ती गेल्यावर मिलिंद येऊन सगळं आवरून गेला. चांगला आहे तो. "तुम्हाला आठवण म्हणून काही हवंय का?" असं त्यानं दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा नको म्हटलं. मग महिन्याभरानं घराच्या किल्लीचं विचारायला त्याचा फोन आला. बोलता बोलता मागून निहारचा आवाज आला आणि त्यानं फोन घेतला. मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. आवाज फुटायला लागलाय त्याचा.

"आर यू द मावशी हू ऑलवेज सेज नो?" त्यानं विचारलं.

मला आधी कळेचना. मग तो म्हणाला की आत्या त्याला दर कॉलला सांगायची, आज वंदनामावशीनं कशाला कशाला नाही म्हटलं ते. आणि मग त्यानं विचारलं, तुम्ही नाही म्हटलेल्या वस्तू कुठल्या? मी सोफ्यावर बसले आणि सांगत सुटले. त्याच्या चौथ्या वाढदिवसाला तिला काचेच्या पेटीतलं पेंढा भरलेलं घुबड घ्यायचं होतं आणि मी दुकानाच्या दारात आडवी उभी राहिले होते. एकदा जहाजावरचा दोर पसंत पडला होता, इतका जाड की गाडीत मावेना. तो खो खो हसत होता. मग एकदम म्हणाला, "सो व्हॉट वुड शी गेट मी धिस इयर?"

"बघावं लागेल," मी म्हटलं. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर हिंडले, पण यंदा तिनं काय घेतलं असतं, हे मला खरंच माहीत नाही.

"यू कॅन गो लुक," तो म्हणाला. "इफ यू वाँट."

म्हणून मी गेले. एकटीला थर्मासभर चहा फार होतो, तरी नेहमीएवढाच केला. दुकानातल्या आजींनी दाराकडे, माझ्या मागे पाहिलं आणि मग माझा हात धरला. मी एकेक वस्तू उचलून पाहिली. तेव्हा लक्षात आलं, मला नको म्हणता येतं, निवडता येत नाही. शुभदा उचलायची, मी नाही म्हणायचे, ती भांडायची, आणि त्या भांडणातून कधीतरी ठेवा ठरायचा. आता उचलणारी मीच आणि नाही म्हणणारीही मीच. रिकाम्या हातानं परत आले. वाढदिवस होऊन गेला. मी उशीर होतोय म्हणून मेसेज केला, तर त्याचं उत्तर आलं, इट्स ओके, टेक युवर टाइम.

गेल्या शनिवारी तिथे एक छोटा पितळी तराजू दिसला, हातात धरून तोलायचा, दोन्ही पारडी शाबूत. बघताक्षणी वाटलं, हाच. शुभदानं त्याला कुणाला हातही लावू दिला नसता. मी तो बराच वेळ धरून उभी राहिले आणि मग जागेवर ठेवला. घेतला की पार्सल करावं लागेल, आणि मग पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्या गावाला जायला मला काही कारण उरणार नाही. निघताना आजींना मात्र सांगून आले, एवढा एक कुणाला देऊ नका.