आवाजाच्या चार बोटं पुढे

पाटोद्याच्या बसस्टँडमागे मैनुद्दीनचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पाण्याच्या मोटरी जळाल्या की आजूबाजूच्या गावांतले लोक त्या जीपच्या टपावर बांधून त्याच्याकडे आणत, आणि मैनुद्दीन झाकण उघडायच्या आधी नुसता वास घेऊन सांगे, "एक फेज गेलतं तुमचं. तरी चालवत बसला." माणूस कमी बोलणारा आणि हट्टी. वय अडतीस. घरात बायको अलमास, दोन लेकी आणि थोरला भाऊ मुस्तकीम. मुस्तकीम पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. बेचाळिसाव्या वर्षी त्याची नजर पुरती गेली, तेव्हापासून तो दुकानाशेजारच्या ओट्यावर बसून असे.

२००४ च्या जानेवारीत मैनुद्दीन तांब्याची तार आणायला पुण्याला गेला. व्यापाऱ्याचं गोदाम गावाबाहेर होतं आणि त्याच्या मागच्या मैदानात एक पेन्शनर गृहस्थ रिमोटवर विमान उडवत होते. हातभर लांबीचं, लढाऊ विमानासारखं, शिट्टी मारत डोक्यावरून गेलं. मैनुद्दीन तार विसरून तिथंच उभा राहिला. विमान खाली उतरल्यावर त्याने ते पुढून, मागून, खालून पाहिलं.

"साहेब, पंखा कुठाय याचा?"

"पोटात," म्हातारे हसले. त्यांनी दाखवलं. विमानाच्या पोटातून आरपार नळी गेलेली, आणि त्या नळीत चहाच्या कपाच्या तोंडाएवढा पंखा. पुढच्या नाकपुड्यांतून हवा ओढायची आणि शेपटीतून फेकायची. फिरवायला अंगठ्याएवढी मोटर. मैनुद्दीनने आयुष्यभर मोटरी उघडल्या होत्या, पण मिनिटाला तीस हजार फेरे घेणारी मोटर त्याने पाहिली नव्हती. म्हाताऱ्यांकडे असंच दुसरं एक विमान होतं, मोटर जळालेलं. रिवाइंडिंगवाला आहे म्हटल्यावर त्यांनी ते, जुना रिमोट आणि दोन बॅटऱ्या पिशवीत घालून दिल्या. "जमलं तर उडव. नाही जमलं तर पोरींना खेळायला दे."

त्याने ते पोरींना दिलं नाही. फावल्या वेळात चिमट्याने मोटरच्या लोखंडी गाभ्यावरची, स्टेटरवरची, जळकी तार सोडवत बसे. तोवर तो नुसता नाद होता.

मार्चमध्ये दिवेलागणीला घरी येताना त्याची लुना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर धडकली. ट्रॉली त्याला दिसलीच नव्हती. बेअरिंग आणायला जातो असं अलमासला सांगून तो एकटा औरंगाबादला गेला. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, काळ्या पडद्यासमोर बसवून उजेडाचे ठिपके मोजायला लावले आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?"

"थोरल्या भावाला."

"तुमचा डोळ्यांचा पडदा कडेकडेने वाळत आत चाललाय. आता तुम्ही नळीतून पाहिल्यासारखं पाहताय. नळी लहान होत जाईल."

"इलाज?"

डॉक्टरांनी नाही अशी मान हलवली. वर्ष, फार तर दोन.

परत येताना एसटीत त्याने खिडकीबाहेर पाहिलं नाही. घरी कोणाला काही सांगितलं नाही. एकच गोष्ट बदलली. रोज दहाच्या सुमारास तो मुस्तकीमजवळ ओट्यावर बसून चहा प्यायचा, ते त्याने बंद केलं. कप भावाच्या हातात देई आणि मागे फिरे. त्याच्याजवळ बसवत नसे. भावाचे ते चाचपडणारे हात, कुठेच न बघणारे डोळे. आणखी वर्षभराने आपण त्याच ओट्यावर, त्याच्या शेजारी.

मग ते विमान त्याच्या मानगुटीवर बसलं. तार बोटांनी गुंडाळता येते, जेवण अंधारातही होतं, नमाजही होते. पण आभाळातल्या वस्तूला हात लावता येत नाही. ती एकच गोष्ट अशी होती की डोळे आहेत तोवरच व्हायची.

त्याने मोटरला जाड तार कमी वेढ्यांत भरली. पहिल्या वेळी तार झाकणाला घासली आणि धूर निघाला. दुसऱ्या वेळी कागदाचं इन्सुलेशन कमी पडलं. तिसऱ्यांदा मोटर अशी किंचाळली की बसस्टँडवरचे लोक उठून पाहायला आले. अण्णाराव वाण्याचा काटा आणून त्याने विमान नाक खाली करून ताटलीवर उभं धरलं आणि पंख्याचा जोर तोलला. साडेतीनशे ग्रॅम. विमानाचं वजन साडेसहाशे. त्याने थर्माकोलच्या पोटाला खाली खिडकी कापली, म्हणजे पंख्याला श्वास मिळेल. शेपटीकडचं तोंड पातळ प्लास्टिक वळवून अरुंद केलं. नळीच्या आतले डिंकाचे खडबडीत थेंब घासून काढले. काटा चारशे ऐंशीवर गेला.

उडवायला तो दोस्त वीरेशला घेऊन जाई. वीरेशचं एसटीडी बूथ होतं, त्याचंच आता इंटरनेटचं दुकान झालं होतं. विमानाची माहिती तोच छापून आणून देई. लिंबागणेशच्या वाटेवर एक उघडा माळ होता. सकाळी आठला, वारा सुटायच्या आधी, दोघे तिथं पोचत. वीरेश विमान डोक्यावर धरून पळायचा आणि फेकायचा. फेकल्यावर पहिले दोन क्षण जीव मुठीत, कारण या जातीच्या विमानात पंख्याची हवा शेपटीच्या, दिशा वळवणाऱ्या फळ्यांना लागत नाही. वेग येईपर्यंत रिमोटचं काही चालत नाही. वेग आला की मात्र ते उंच जाई.

आणि मग मैनुद्दीनला दिसत नसे.

पहिल्या वेळी दीड मिनिट उडालं आणि बाभळीत पडलं. "मोटर बंद पडली," मैनुद्दीन म्हणाला. दुसऱ्या वेळी माळाच्या कडेला नाकावर आपटलं. "बॅटरी ढिल्ली." त्याने वरून पिवळा, खालून काळा रंग दिला. पंख वाढवले, म्हणजे हळू उडेल आणि नजरेच्या नळीतून निसटणार नाही. पण हळू झालं की ते डगमगायचं. जे सुधारावं ते उलटच पडत होतं. महिन्याभरात त्याने विमान चार वेळा मोडलं आणि चार वेळा जोडलं. दुकानात आलेल्या मोटरी तशाच पडून राहू लागल्या. अलमास म्हणाली, "अवो, त्या खेळण्यापायी तुमाला झालंय तरी काय?" तो तिच्यावर ओरडला. पूर्वी कधी ओरडला नव्हता.

पाचव्या वेळी वीरेश पळत जाऊन पडलेल्या विमानाजवळ पोचला, तर पंखा मातीत तोंड खुपसून अजून घरघरत होता.

"मैन्या, मोटर चालूच हाय बे," वीरेश लांबूनच ओरडला. मग जवळ आला. "मोटर चालू, बॅटरी गरम. मग पडलं कावून? तू तर भलतीकडंच बघत होतास. विमान उजवीकडं अन् तुझं तोंड डावीकडं."

मैनुद्दीन खाली दगडावर बसला. बराच वेळ रिमोटची एरियल आत-बाहेर करत राहिला. मग म्हणाला, "भाईजानचं झालं तेच माजं हाय."

वीरेश खाली बसला. त्याने विमानाच्या पोटातली माती काडीने काढायला सुरुवात केली.

"घरी सांगू नको," मैनुद्दीन म्हणाला. "एकदा उडवून, पायापाशी उतरवू दे. एकदाच. मग मीच सांगीन."

सांगायची एका माणसाला गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी चहाचा कप देऊन मैनुद्दीन वळला, तेव्हा मुस्तकीमने त्याचं मनगट धरलं.

"कदीपासून?"

"काय कदीपासून?"

"चौकटीला खांदा लागतो तुजा. रोज. आंदी लागत न्हवता. कप देताना माजा हात हुडकतोस. मी काय बहिरा हाय का मैनू?"

मैनुद्दीनने हात हिसडून घेतला. "तुमी गप बसा भाईजान." पण तो गेला नाही. तिथंच उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासारखं ओट्यावर बसून मला जगता यायचं न्हाई."

मुस्तकीमने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मलाबी येत न्हवतं. त्या इमानाचा आवाज मी लई दिवस ऐकतोय. दुकानात चालू करतोस, तवा तू पुढून धरलंय का मागून, ते मला हितून कळतं. उद्या मला घेऊन चल."

मैनुद्दीनला ते नको होतं. वीरेशने ऐकलं नाही. तो मुस्तकीमला मोटारसायकलवर मागे बसवूनच माळावर आला.

वीरेशने विमान फेकलं. मुस्तकीम मैनुद्दीनच्या एक पाऊल पुढे उभा होता. त्याने उजवा हात लांब केला, बोट आभाळाकडे रोखलं आणि बोट आवाजाबरोबर फिरवू लागला. "माज्या खांद्यावर हनुवटी ठिव. बोटावरून बघ." मैनुद्दीनने पाहिलं. बोटाच्या टोकाला रिकामं आभाळ.

"न्हाई तितं!"

"असंल. आवाज मागं ऱ्हातो. जरा पुढं बघ."

बोटाच्या पुढे चार बोटं नजर सरकवली, आणि ते सापडलं. पिवळं, तिरकं, वळणारं. हरवलं की मैनुद्दीन भावाच्या बोटावर परत येई आणि चार बोटं पुढे जाई. "लांब चाललं," मुस्तकीम सांगे. "आता आपल्याकडं तोंड. आता वर." तीन फेऱ्या झाल्या. एवढा वेळ ते कधी आभाळात राहिलं नव्हतं. वीरेश टाळ्या वाजवत होता.

मग उतरवायची वेळ आली. मैनुद्दीनने पुण्याच्या म्हाताऱ्यांनी फोनवर शिकवलं होतं तसं मोटर बंद करून विमान तरंगत खाली आणायला घेतलं. पंखा थांबला. माळ एकदम शांत झाला. मुस्तकीमचं बोट हवेत थबकलं.

"कुटं गेलं? मैनू, कुटं गेलं?"

मैनुद्दीनला दिसत नव्हतं. मुस्तकीमला ऐकू येत नव्हतं. वीरेश "वढ, वढ, मागं वढ!" म्हणून ओरडला, तोवर ते दगडाच्या बांधावर फुटलं.

पंख तुटला होता, नळी चिरली होती, पंख्याची तीन पाती उडाली होती. मैनुद्दीनने उरलेला भाग उचलला आणि पुन्हा त्याच बांधावर आपटला. आणखी एकदा आपटला. मग गुडघ्यांवर बसला आणि लेकरासारखा रडला. वीरेशने तोंड फिरवलं. मुस्तकीम आवाजाच्या रोखाने चाचपडत आला, त्याच्याजवळ मातीत बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिला.

परत जाताना मुस्तकीम एवढंच म्हणाला, "मोटर बंद करू नको. चालू ठिवून उतरव."

पावसाळाभर दुरुस्ती चालली. म्हाताऱ्यांनी पुण्याहून कुरिअरने नवा पंखा पाठवला. या वेळी मैनुद्दीनने मोटर जोरासाठी नाही, आवाजासाठी भरली: अर्ध्या गतीवरही किंचाळत राहील आणि बॅटरी शेवटपर्यंत पुरेल अशी. पोटाखाली प्लास्टिकची पट्टी चिकटवली, चालू पंख्यानिशी घसरत उतरलं तरी फाटू नये म्हणून. पण त्याच्या नजरेची नळीही लहान व्हायची थांबली नव्हती. दिवाळीपर्यंत समोर धरलेल्या तळहातावरची दोनच बोटं त्याला एका वेळी दिसत.

नोव्हेंबरात एका सकाळी ते माळावर गेले. अलमासही आली होती. नवरा आणि थोरला दीर दोघे मिळून कुठे जातात ते बघायचंच म्हणून ती रिक्षा करून मागोमाग पोचली होती. ती बांधापाशी उभी राहिली.

फेक चांगली झाली. पहिली फेरी, दुसरी फेरी. मैनुद्दीनला ते दर फेरीत दोन-तीन क्षणच दिसत होतं. बाकी सगळं भावाच्या बोटावर. "आता आण," मुस्तकीम म्हणाला. मैनुद्दीनने मोटर अर्धी ठेवली. किंचाळी समोरून खाली खाली येऊ लागली. "सरळ हाय. सरळ. गुडघ्याएवढं आलं. सोड." त्याने रिमोटच्या दांड्या सोडल्या. गवतावर खरखर झाली, पंखा दोनदा आचके देऊन थांबला.

"काय झालं?" मैनुद्दीनने विचारलं. "वीरेश, मोडलं का?"

"तुज्या पायापाशी हाय बे," वीरेश म्हणाला. "धा पावलांवर. खरचटलंबी न्हाई."

मैनुद्दीन पुढे गेला. विमान त्याला दिसलं नाही. बुटाला लागलं तेव्हा कळलं. त्याने ते उचललं. हसला नाही. अलमास कधी जवळ येऊन उभी राहिली तेही त्याला कळलं नाही.

"धा पावलांवरचं दिसलं न्हाई तुमाला," ती म्हणाली.

मग त्याने तिला सगळं सांगितलं, तिथंच, उन्हात उभं राहून. औरंगाबाद, डॉक्टर, वर्ष-दोन वर्षं. ती ऐकत राहिली. वीरेशकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. "म्हंजे हे दोघं जाणून होते," ती म्हणाली, "अन् मी न्हाई." तिने पदर तोंडाशी नेला नाही, आवाजही चढवला नाही. चालत रस्त्यावर गेली आणि रिक्षात बसली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिने दोन्ही लेकींना शाळेत पाठवलं नाही. त्यांच्या वेण्या घातल्या, भाकरी बांधून घेतली आणि मैनुद्दीनला म्हणाली, "उठा. त्या डॉक्टरचं नाव सांगा अन् गाडीत बसा. तुमचं तुमी लपवलं. माज्या पोरींचं लपवू देनार न्हाई."

पोरींनाही ते असू शकतं, हा विचार त्याच्या मनात आठ महिन्यांत एकदाही आला नव्हता. औरंगाबादच्या एसटीत तो दोन्ही पोरींच्या मधे बसला. थोरली आता चौदाची होती, धाकटी नऊची. डॉक्टरांनी दोघींना त्याच काळ्या पडद्यासमोर एकेक करून बसवलं. थोरलीने सगळे ठिपके मोजले. धाकटीने बरेच मोजले, कडेचे काही सोडले.

"लहान आहे, कंटाळली असेल," डॉक्टर म्हणाले. "आत्ता काही सांगता येणार नाही. दर सहा महिन्यांनी आणत जा."

अलमासने तारीख कागदावर लिहून घेतली. मैनुद्दीनची नजर २००६ च्या उन्हाळ्यात गेली. त्यानंतरही दर सहा महिन्यांनी तो दोन्ही लेकींबरोबर औरंगाबादला जात राहिला, बाहेरच्या बाकावर बसून आत धाकटी मोठ्याने ठिपके मोजताना ऐकत.