विहीणबाई आणि विहिरीवरचा उकिरडा

किश्श्यांचं आणि कचऱ्याचं एकच आहे. रोज थोडं थोडं साचतं, कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी पाहुणा यायचा झाला की मग कळतं, अगं बाई, केवढं झालं हे.

आमचा पाडा खोडाळ्याच्या अंगाला. आम्ही तिघी बचत गटाच्या. पाड्यातला कचरा गोळा करायचं काम पंचायतीनं आम्हाला दिलं आणि ओढायला एक हातगाडी दिली. जानकी आमची अध्यक्ष, कारण तिला सही येते. रखमी भगताची बायको, देवाला भिते, नवऱ्याला भीत नाही. तिसरी मी, वयानं थोर, म्हणून गाडीला हात न लावता पुढं चालणारी.

आमच्या लहानपणी कचरा म्हणजे राख आणि शेण. दोन्ही शेतात जायचं. आता पोरं ठाण्याला बिगारीला जातात, येताना खाऊ नि गुटखा आणतात. खाऊ पोटात जातो, गुटखा गालात, पाकीट माळावर. आणि तो माळ नेमका विहिरीच्या डोक्यावर. मागच्या पावसात सगळा उकिरडा धुऊन विहिरीत उतरला आणि अख्खा पाडा टमरेल घेऊन पळायला लागला. लोक भगताकडं औषधाला गेले, तर तो झाडीतूनच ओरडला, "थांबा जरा, मीच अजून बसलोय."

* * *

होळीला जानकीची विहीण आली, हिरूबाई. जानकीची सुमन तिच्या घरात दिलेली, शिवेपलीकडच्या गावात. सुमन पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. जानकीनं विहिणीला पाण्याचा तांब्या दिला. हिरूबाईनं तो नाकाशी धरला, खाली ठेवला, पदराला बोटं पुसली.

"विहीणबाई, पाणी आधी धुऊन द्या."

जानकीचं तोंड एवढंसं झालं. निघताना हिरूबाई म्हणाली, "तो माळ साफ झाला तर सून पाठवते. नाहीतर बाळंतपण आमच्याकडं. तुम्ही या की पाहुण्या म्हणून."

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनं पाहुणी म्हणून जायचं! यापेक्षा मोठी शिवी आमच्याकडं नाही. त्या दिवसापासून जानकीला झोप नाही, आणि जानकीला नाही म्हणून आम्हालाही नाही.

* * *

जानकीनं भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकाला, धरलं. त्यांनी घरोघरी दोन डबे पाठवले. हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. काही दिवसांनी स्वतः तपासायला आले. पहिलंच घर रखमीचं.

"मावशी, निळ्यात काय?"

"नागली."

"आणि हिरव्यात?"

"तो उघडू नका, भाऊसाहेब."

"का? ओला कचराच आहे ना?"

"उबायला ठेवलंय."

त्यांना वाटलं, खत. त्यांनी झाकण काढलं. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली ती थेट त्यांच्या चष्म्यावर. भाऊसाहेब ओट्यावर बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. रखमीनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "डबा झकास आहे. मुंगूस शिरत नाही. अजून एक मिळेल का?"

* * *

डब्यांचं असं झाल्यावर जानकीनं हुकूम सोडला, माळावर एकही पाकीट पडता कामा नये. बायकांनी ऐकलं. पाकिटं चुलीत घातली. ओलं लाकूडसुद्धा झटकन जाळ धरतं, रॉकेल नको नि फुंकणी नको. सगळ्या खूश.

रखमीचा भगत जेवायला बसला. भाकरीचा तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले, चावत राहिला.

"रखमे, आज भाकरीला काय लावलंस?"

"काही नाही. का?"

"गुटखा सोडला त्याला किती काळ झाला. आज परत भेटला."

त्या दिवशी तो एक भाकरी जास्तच जेवला. मग खोकायला लागला. मग रखमी, मग शेजारीण, मग सगळा पाडा. खोकून खोकून बायकांच्या बरगड्या दुखायला लागल्या, तेव्हा पाकिटं चुलीतून निघाली आणि परत माळावर गेली.

* * *

पाकिटं माळावर, म्हणजे माझा बोकडही माळावर. असा फुगला, असा फुगला की मी दृष्ट काढली त्याची. खोडाळ्याच्या बाजारात नेला. गिऱ्हाईक जाणतं होतं. दात बघितले, पाठ चाचपली, मग पोट दाबलं. पोट चुरचुर वाजलं. त्यानं परत दाबलं. परत वाजलं.

"आजी," तो म्हणाला, "बोकड विकताय की किराणा?"

जनावरांच्या डॉक्टरनं पोट चिरून पिशव्या बाहेर काढल्या. पिशवीतून पिशवी निघत होती. बोकड जगला, पण पार वाळला. डॉक्टर मला म्हणाले, "याला आता प्लास्टिक खाऊ देऊ नका."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा त्याला. माझं ऐकत नाही."

* * *

मग रखमीला युक्ती सुचली. माळावर वाघोबा बसवायचा. दगडाला शेंदूर लावायचा, देवापुढं कोण घाण टाकेल?

खरंच कुणी टाकली नाही. जानकीनं रखमीला मोहाच्या फुलांचा लाडू खाऊ घातला. पण मग कुणाचा तरी हरवलेला बैल नेमका माळापाशी सापडला आणि तो नारळ घेऊन आला. त्याचं ऐकून दुसरा आला. मग जामसरचे आले, मग जव्हारचे. अगरबत्तीचे पुडे, कापराच्या डब्या, प्लास्टिकचे हार, पेढ्यांची खोकी, पाण्याच्या बाटल्या. उकिरडा दुप्पट झाला.

रखमी म्हणाली, "देव जागृत निघाला, त्यात माझा काय दोष?"

शेवटी भगतानं वाघोबाची माफी मागून त्याला परत जंगलात नेऊन बसवला. कचरा मात्र वाघोबानं इथंच ठेवला.

* * *

सुमनचा सातवा सरला. आभाळात ढग दिसायला लागले. एक सर पडली की उकिरडा परत विहिरीत. जानकी म्हणाली, "आज उचलायचाच. शिवेवर नेऊन टाकू, पुढचं पुढं."

रखमी म्हणाली, "मग उताऱ्यासारखंच करायचं. दुखणं शिवेबाहेर सोडताना मागं वळून बघत नाहीत. बघितलं की ते आपल्या मागं मागं घरी येतं."

एरवी जानकी हसली असती. पण लेकीचा प्रश्न होता.

भर दुपारी पाडा आडवा झालेला असताना आम्ही माळ खरवडून काढला. गाडी गवताच्या भाऱ्यासारखी उंच भरली आणि चढणीला लागलो. पुढं मी, मागं गाडी ओढणाऱ्या त्या दोघी. मागून काहीबाही पडल्याचा आवाज येत होता. कुणी वळून बघितलं नाही. चढ वाढत होता तशी गाडी हलकी होत होती. रखमी म्हणाली, "बघा, देव हात लावतोय."

शिवेवर पोचलो, तर समोरून दुसरी हातगाडी. ओढणारी हिरूबाई, घामानं भिजलेली.

दोघी विहिणी थांबल्या. दोघींनी पदर सारखे केले.

"या विहीणबाई. इकडं कुठं?" जानकीनं विचारलं.

"खत टाकायला. तुम्ही?"

"आम्हीपण खतच."

"या मुरमात?"

"तुम्ही टाकताय म्हटल्यावर काहीतरी उगवत असेल."

"सुमन बरी आहे," हिरूबाई म्हणाली. "पाय सुजतात जरा."

"पाय शेकायचे," जानकी म्हणाली.

हिरूबाईच्या खतातून पाण्याची बाटली डोकं काढून बघत होती. जानकीनं ती बघितली. हिरूबाईनं आमच्या गाडीत बघितलं. तळाला एक फाटकी चप्पल आणि दोन पिशव्या.

"एवढाच?"

"आमच्या पाड्यात निघतोच एवढा," जानकी म्हणाली. मान ताठ.

हिरूबाईनं आमच्या खांद्यावरून पलीकडं नजर टाकली. शिवेवरून आमची सगळी वाट दिसते, थेट पाड्यापर्यंत. लाल, निळी, चंदेरी, वळणावळणानं उन्हात चमकत होती. आम्ही तिघी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

मग तिनं गाडीची दांडी खाली टेकवली.

"खड्डा इथंच खणू. दोन्ही गावांचा. इथलं पाणी कुणाच्याच विहिरीला जात नाही. पावसाच्या आत झाला पाहिजे."

"उद्या कुदळ घेऊन येते," जानकी म्हणाली. "आणि सुमन?"

"पाठवते की," हिरूबाई म्हणाली. "पण या वाटेनं नाही. जीपनं पाठवते."